दात पडला : दुधाचा की कायमचा?

दुकानाच्या पायरीवर किंवा जिन्यात खेळता खेळता मूल तोंडावर आपटते, तोंड रक्ताने भरते आणि घरात एकच धावपळ उडते. कुणी हळद आणतो, कुणी पाणी, कुणी मुलालाच रागावतो. निखळलेला दात मात्र आजीबाई धुऊन-पुसून रुमालात बांधून ठेवतात. अशा वेळी पहिला प्रश्न हाच असावा, की दात दुधाचा आहे की कायमचा? कारण दोहोंचे उपचार अगदी उलट आहेत.

दुधाचे २० दात साधारणतः तिसऱ्या वर्षापर्यंत येतात. पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी दिसू लागतात. पण हिरडीआड, हाडात, त्यांची घडण कितीतरी आधीच सुरू झालेली असते. म्हणून मुळासकट निघालेला दुधाचा दात पुन्हा खाचेत बसवू नये. आत वाढणाऱ्या कोवळ्या दाताला त्याने इजा पोहोचू शकते. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे, सुजलेल्या ओठावर गार पट्टी ठेवावी आणि दंतवैद्यांना दाखवावे. ‘दुधाचाच होता, दुसरा येईल’ म्हणून घरी बसणे बरे नव्हे. कधी कधी दात पडलेला नसून हिरडीत आत घुसलेला असतो, आणि ते वरवर पाहून कळत नाही. मार लागलेला दात पुढे काळसर पडला, तरी केवळ तेवढ्यावरून तो काढावा लागत नाही. हिरडीवर पुळी आली तर मात्र विलंब नको.

कायमचा दात निखळला, तर हिशेब मिनिटांचा असतो. मुळावरील नाजूक पेशी कोरड्या पडल्या की मरतात, आणि दात पुन्हा नीट रुजण्याची आशा मावळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही जागच्या जागी दात बसवण्यावरच भर देतात. दात पांढऱ्या बाजूने धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास दुधात हलकेच विसळावा. घासू मुळीच नये. स्वच्छतेची आपली सवय नेमकी येथेच घात करते. मग दात सुलटा करून खाचेत बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दाताखाली धरण्यास सांगावे. एवढे धैर्य होत नसेल, तर दात पेलाभर गार दुधात बुडवून शक्यतो तासाच्या आत दवाखाना गाठावा. साधे पाणी या कामी फारसे उपयोगी नाही, आणि कोरडा रुमाल तर सर्वांत वाईट. तेथे दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात.

तुटलेला तुकडाही दुधात किंवा पाण्यात घालून सोबत न्यावा. पुष्कळदा तो पुन्हा चिकटवता येतो. मुलाची शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या किंवा ते गुंगीत राहू लागले, तर दाताचा विचार मागे ठेवून आधी रुग्णालय गाठावे. दात शोधूनही सापडला नाही आणि मूल खोकू लागले किंवा त्याला धाप लागली, तरी तेच करावे. तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.