'कास्ट' : एका अक्षराचा फरक

शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज भरताना आमच्या विद्यार्थ्यांची लेखणी हमखास 'कास्ट' या शब्दावर चुकते. उच्चार एक, शब्द मात्र दोन. शेवटी 'ई' नसेल तर अर्थ होतो टाकणे. जयगडच्या खाडीत जाळे टाकतात, ते हे 'कास्ट'. शेवटी 'ई' असेल तर जात. हा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून, म्हणजे वंश या अर्थाच्या शब्दावरून आला. आपल्या समाजरचनेला तो पोर्तुगिजांनी लावला. बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथनामातील 'ई' गळाला, तर निर्मूलन कशाचे हेच कळेनासे होते.

'प्रिन्सिपल'चीही तीच गत. शेवटी 'ए-एल' असेल तर प्राचार्य, 'एल-ई' असेल तर तत्त्व. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढच्याच वर्षी उपरोक्त ग्रंथात त्यांनी नियम व तत्त्व यांतील भेद मांडला : नियम कृती ठरवून देतो, तत्त्व ती पारखण्याची दृष्टी देते. आमची मुले मात्र रजेच्या अर्जात 'आदरणीय तत्त्व' असे लिहितात. रजा मिळते, गुण जातात!

पालकांनी अर्ज पाठविण्यापूर्वी पाल्याला 'कास्ट'मधील तो 'ई' बोट ठेवून दाखवायला सांगावे.