राजीनामा आणि विमाछत्र : बंगळुरूतील आठ दशकांचा मागोवा

बंगळुरूच्या नोकरदाराचे आजारपण त्याच्या नोकरीशी संगणक-उद्योगाने जोडले, असा सर्वसाधारण समज असला, तरी ही गाठ त्याआधी कित्येक दशके पक्की झाली होती. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 1940 मध्ये उभारलेला विमानांचा कारखाना, म्हणजे पुढचा एचएएल, आणि त्यामागून आलेले आयटीआय, एचएमटी व भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या वसाहतींत घर, शाळा आणि दवाखाना ही नोकरीचीच अंगे होती. तेथे विमा असा नव्हताच. उपचार ही सेवेची सवलत होती आणि मुदतीआधी राजीनामा देणाऱ्याची ती सवलत सहसा संपत असे. मात्र सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी सोडणारे विरळा असल्यामुळे या व्यवस्थेतील उणीव फारशी कोणाला जाणवली नाही.

खासगी कारखान्यांतील कामगारासाठी वेगळी वाट तयार झाली. बी. पी. अडारकर यांच्या 1944 च्या अहवालावर आधारलेला कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 मध्ये संमत झाला, 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि 1958 मध्ये ती बंगळुरूत आली. ‘ईएसआय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगळा धरला जातो: एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात मिळतो. परिणामी पुरेसे दिवस वर्गणी भरून सप्टेंबरअखेर काम सोडलेल्या कामगाराचे उपचाराचे छत्र त्याच दिवशी मिटत नाही. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रकामगाराला किंवा तयार कपड्यांच्या कारखान्यातील शिलाई करणाऱ्या स्त्रीला मिळालेली ही सोय शेजारच्या संगणक-अभियंत्याला आजही नाही, कारण योजनेची वेतनमर्यादा 2017 पासून दरमहा 21,000 रुपये आहे. ईएसआय दवाखान्यांतील रांगांविषयी कुरकुर करणाऱ्यांनीही तिच्या रचनेतील हा शहाणपणा मान्य करायला हवा.

मध्यमवर्गाचा आरोग्यविमा 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांच्या ‘मेडिक्लेम’ने सुरू झाला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत ‘कोब्रा’ नावाचा कायदा झाला आणि नोकरी सुटल्यावरही, संपूर्ण हप्ता स्वतः भरून, मालकाच्या गटविम्यात सर्वसाधारणपणे 18 महिने राहण्याची मुभा तेथील कर्मचाऱ्याला मिळाली. अमेरिकी ग्राहकांची कामे करत वाढलेल्या बंगळुरूच्या कंपन्यांनी तिकडून गटविम्याची प्रथा उचलली. हा हक्क मात्र इकडे आला नाही. गटविमा म्हणजे मालकाने सर्व कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली एकच पॉलिसी. तिच्यात वैद्यकीय तपासणी बहुधा नसते, आधीपासून असलेला आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो आणि अनेक ठिकाणी आईवडिलांचाही समावेश होतो. पण पॉलिसी मालकाच्या नावावर असल्यामुळे बहुतेक करारांत शेवटच्या कामकाजाच्या दिवशी कर्मचाऱ्याचे आणि त्याच्याबरोबर घरच्यांचे नाव वगळले जाते.

या कोंडीतून पहिली वाट 1 ऑक्टोबर 2011 पासून निघाली. विमा नियामकाने पोर्टेबिलिटी, म्हणजे जुन्या पॉलिसीत काढलेल्या वर्षांचे श्रेय घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय, लागू करताना गटविम्यातील सदस्यालाही त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा हक्क दिला. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी तो अधिक स्पष्ट केला, आणि 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या अवधीत त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त 48 वरून 36 महिन्यांवर आल्याने त्या श्रेयाने उरलेले अंतर लवकर कापले जाऊ लागले. तरीही हा हक्क अर्धाच म्हणावा लागतो. गटविम्यात गेलेली वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा होतात, तीही जुन्या विमारकमेपुरती. नव्या पॉलिसीचा हप्ता वयानुसार ठरतो आणि प्रस्ताव कोणत्या अटींवर स्वीकारायचा हे कंपनीच ठरवते. ज्याला मधुमेह किंवा हृदयविकार आहे, किंवा ज्याचे आईवडील सत्तरीला आले आहेत, त्याला या छत्राची गरज सर्वांत अधिक असते आणि नेमकी त्याचीच वाट सर्वांत अरुंद राहते.

कर्नाटक सरकारच्या 2018 च्या आरोग्य कर्नाटक योजनेने रेशनकार्डाच्या निकषात न बसणाऱ्या कुटुंबांनाही ठरावीक दराच्या 30 टक्क्यांपर्यंत मदत देऊ केली. मोठ्या खासगी रुग्णालयांची सवय झालेल्या नोकरदाराला ती तोकडी वाटते. कोविडकाळात, एप्रिल 2020 मध्ये, केंद्राने कामगारांसाठी वैद्यकीय विमा अनिवार्य करण्याची सूचना काढली, पण तीही नोकरीत असलेल्यांपुरतीच होती. खरा दिलासा अलीकडचा आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला.

नोकरी सोडू पाहणाऱ्याने म्हणूनच स्थलांतराचा लेखी अर्ज नोटिशीच्या काळातच, गटविम्यातील वर्षांचा दाखला जोडून, विमा कंपनीकडे द्यावा आणि नवी पॉलिसी हाती येईपर्यंत शेवटच्या दिवसाची तारीख शक्य तितकी पुढे ठेवावी.