विश्लेषण : घर दूर, शाळेची भाषा त्याहून दूर! चंद्रपूर-गडचिरोलीच्या आश्रमशाळांत मुले कशी राहतात, कशी शिकतात?

जून संपत आला की एटापल्ली, भामरागड, धानोरा, जिवती या तालुक्यांच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला बाप आणि त्याच्या मागे चालणारे सहा-सात वर्षांचे पोर. पेटीत दोन जोडी कपडे, ताट-वाटी, एखादे पांघरूण. बाप शाळेच्या ओसरीवर पेटी ठेवतो, रजिस्टरवर सही किंवा अंगठा करतो आणि पाऊस वाढण्याआधी गावाकडे निघतो. पोराची आणि त्याची भेट आता बहुतेक दिवाळीतच. राज्यातील निवासी आदिवासी शाळांवर बातम्या येतात त्या बहुधा निकृष्ट जेवणाच्या किंवा एखाद्या दुर्घटनेच्या. पण या शाळांत रोजचा दिवस कसा जातो आणि पहिलीच्या मुलापुढची सगळ्यात मोठी अडचण कोणती, हे फारसे कुणी सांगत नाही.

आश्रमशाळा म्हणजे नेमके काय?

राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके आणि शिक्षण हे सगळे एकाच आवारात आणि मोफत देणारी शाळा. गुजरातेत दाहोद भागात ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. आदिवासी मुलांसाठी निवासी शाळेची कल्पना तिथून रुजली. महाराष्ट्रात आज आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. अनुदानित शाळा संस्था चालवतात, पैसा सरकार देते. या दोन जिल्ह्यांतील कारभार चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या पाच प्रकल्प कार्यालयांतून चालतो.

याशिवाय दोन वाटा आहेत. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांत सहावीपासून प्रवेश मिळतो. राज्याच्या ‘नामांकित शाळा’ योजनेत निवडलेली मुले थेट शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत जातात, त्यांचे शुल्क सरकार भरते. मात्र जंगलातील बहुतांश मुलांच्या वाट्याला येते ती आश्रमशाळाच.

गावात शाळा नसते का?

असते, पण बहुतेक ठिकाणी चौथी-पाचवीपर्यंतच. पाड्यांत पंधरा-वीस घरे, मधे नाले. गडचिरोलीचा बहुतांश भाग जंगलाचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, वीजही जाते, आणि हे जवळपास दरवर्षी घडते. रोज ये-जा करून हायस्कूल शिकणे इथे शक्यच नाही. मुंबई-पुण्यात बोर्डिंग स्कूल हा पालकांचा शौक किंवा शिस्तीचा उपाय असू शकतो. इथे वसतिगृह नसेल तर शिक्षणही नाही.

दिवस कसा जातो?

पहाटे घंटा. हौदावर किंवा हातपंपावर आंघोळीची रांग. थंडीत ही रांग फार हळू सरकते. मग झाडलोट, नाश्ता, परिपाठ, तास. दुपारी भात-वरण-भाजी. संध्याकाळी मैदान, त्यानंतर प्रार्थना, जेवण आणि अभ्यासिका. रात्रीची जबाबदारी अधीक्षक आणि अधीक्षिकेवर. मुलांना ताप आला, कुणी घरच्या आठवणीने रडले, कुणी कुंपणावरून पसार झाले की पहिली धावपळ यांचीच. पगार एका माणसाचा, काम मात्र शेकडो मुलांच्या आई-बापाचे!

जुन्या शाळांत दिवसा जो वर्ग, रात्री तीच झोपायची खोली, अशी स्थिती अनेक वर्षे होती. जमिनीवर झोपणाऱ्या मुलांना साप-विंचवाचा धोका. त्यात गडचिरोली म्हणजे राज्यातील हिवतापाचा मोठा पट्टा, त्यामुळे मच्छरदाणी इथे चैन नाही. आश्रमशाळांतील मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी सरकारला २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे.

मैदानावर मात्र ही मुले वेगळीच असतात. कबड्डी, खो-खो, धावणे यांच्या स्पर्धा प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. स्नेहसंमेलनात रेला नृत्य असतेच, आणि ते शिकवायला बाहेरचा नृत्यशिक्षक लागत नाही.

एव्हरेस्टवर गेलेली मुले इथलीच ना?

होय. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ राबवले. जिल्ह्यातील बोर्डा, देवाडा आणि जिवती येथील आश्रमशाळांतून मुले निवडली. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे प्रशिक्षण झाले. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी शिखर गाठले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांची नावे घेतली. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा सर्रास ४५ अंशांपुढे जातो, तिथल्या मुलांनी हे काम दहा महिन्यांच्या तयारीत केले. म्हणजे अंगात दम आहे की नाही, हा प्रश्न निकाली निघाला. तरीही अनेक मुले मधेच शाळा का सोडतात?

खरी अडचण भाषेची का?

मोहफुले वेचण्याचा हंगाम, तेंदूपाने, धानकापणी, घरी लहान भावंडे अशी अनेक कारणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण त्याआधी पहिल्या वर्गात काय होते ते पाहायला हवे. भामरागडच्या मुलाची भाषा माडिया. जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम मुलाची कोलामी. धानोऱ्याकडे गोंडी. या सगळ्या द्राविडी कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या भाषा. मराठी वेगळ्या कुळातली. गोंडीत पाण्याला ‘एर’ म्हणतात. तहान लागलेल्या मुलाला ‘पाणी’ हा शब्दच ठाऊक नसेल, तर तो गुरुजींना काय मागणार? वर्गात गप्प बसलेले मूल ‘मंद’ ठरते. प्रत्यक्षात ते परक्या भाषेत अडकलेले असते.

हेमलकसाच्या लोक बिरादरी प्रकल्पाने हे लवकर ओळखले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखान्यापाठोपाठ १९७६ मध्ये निवासी शाळा काढली. सुरुवातीला आणलेली मुले जंगलातून चालत घरी पळून जात. कार्यकर्ते माडिया शिकले, तेव्हा कुठे मुले टिकू लागली. पुढे लहान वर्गांसाठी माडियातून वाचनसाहित्यही तयार झाले. याच शाळेत शिकलेली मुले आज डॉक्टर, शिक्षक, वनरक्षक आहेत.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करायला सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत तसाच आग्रह धरते. पण गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे ३० लाख लोकांनी ती मातृभाषा नोंदवली, तरीही नाही. त्यामुळे गोंडीतून शिकवायचे तर पाठ्यपुस्तके, शिक्षक, मान्यता असे सगळेच अडते.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. गोटुल म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याची, शिकण्याची जुनी जागा. एका अर्थाने आश्रमशाळेच्या कितीतरी आधीची शाळाच. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने मान्यता नसल्याचे कारण देत ही शाळा अनधिकृत ठरवली आणि ती बंद करण्याची नोटीस बजावली. आधार घेतला तो शिक्षण हक्क कायद्याचाच. विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालवल्यास रोज १० हजार, अशी तरतूद त्याच्या कलम १८ मध्ये आहे. मातृभाषेचे कलम त्याच कायद्यात, अकरा कलमे पुढे. ग्रामसभेने माघार न घेता उच्च न्यायालयाचे दार ठोठावले.