तारा काढल्या की आवाज गेला!

पाककृतीचे पुस्तक लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते. वाचणाऱ्याच्या घरी कढई, तवा, वाटी, चमचा आहेच, हे त्याला गृहीत धरता येते. ‘मॉड्युलर सिंथेसायझर’वर मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्याला ही सोय नाही. या वाद्याचे दोन संच सहसा सारखे नसतात. शिवाय त्यावर मोठ्या कष्टाने जमवलेला आवाज तारा उपटल्या की नाहीसा होतो. मग शिकवायचे कसे आणि लिहून तरी काय ठेवायचे?

ऑर्केस्ट्रात दिसणारा सिंथेसायझर आपल्या परिचयाचा आहे. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की व्हायोलिन. मॉड्युलरमध्ये असे तयार काहीच मिळत नाही. ‘ऑसिलेटर’ आवाजाची लहर निर्माण करतो, ‘फिल्टर’ तिच्यातला काही भाग गाळून टाकतो, ‘ॲम्प्लिफायर’ तिला लहानमोठी करतो आणि आवाज कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल हे ‘एन्व्हलप’ ठरवतो. हे सगळे सुटे भाग. कुठली तार कुठे खोचायची ते वाजवणाऱ्याने पाहायचे. मराठीत तंबोऱ्याचीही तार आणि विजेचीही तार. कन्नडमध्येही ‘तंति’ दोन्हींना चालते. या वाद्यात ते दोन अर्थ खरोखरच एक झाले आहेत!

१९६०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी स्वतंत्रपणे अशी यंत्रे घडवली. मूगच्या यंत्रात एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जाई. बुक्लांच्या पुढच्या ‘२००’ मालिकेत त्यासाठी १.२ व्होल्ट लागत. म्हणजे एका यंत्रावरची कृती दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली तर सूर बिघडलाच म्हणून समजा.

या अडचणीतून वाट काढली ती ॲलन स्ट्रेंज या संगीतकार-प्राध्यापकाने. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे ते शिकवत. १९७२ मध्ये त्यांचे ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक : सिस्टिम्स, टेक्निक्स अँड कंट्रोल्स’ हे पुस्तक निघाले, १९८३ मध्ये सुधारित आवृत्ती आली. यंत्र कोणत्या कंपनीचे हे गौण. त्यातला भाग काय काम करतो हे मुख्य, अशी त्यांची मांडणी. पुढे १९९५च्या सुमारास जर्मनीतल्या डीटर डोप्फर यांनी लहान आकाराचे सुटे भाग आणले, इतर उत्पादकांनी तेच माप उचलले आणि ‘युरोरॅक’ रूढ झाले. या नव्या पिढीसाठी किम ब्योर्न आणि ख्रिस मेयर यांचे ‘पॅच अँड ट्वीक’ हे देखणे पुस्तक २०१८ मध्ये आले.

माझ्या मते अशा पुस्तकाची सुरुवात बटणांच्या यादीने मुळीच होऊ नये. ती कानापासून व्हावी. उदाहरणार्थ, वारा घ्या. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर ऐकू येई, तशी खरखर देणारा एक भाग या यंत्रात असतो. ती खरखर फिल्टरमधून काढा; तीक्ष्णपणा जाऊन घोंगावणे उरेल. आता एका अगदी संथ ऑसिलेटरची तार फिल्टरला जोडा. फिल्टर आपोआप उघडमीट करू लागतो आणि वाऱ्याचे झोत येतात! फिल्टरचा ‘रेझोनन्स’ वाढवा, तोच वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालू लागेल. संथ ऑसिलेटर जलद करा, फडफड ऐकू येईल. शिकणाऱ्याने प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झाले ते कळत नाही, आणि नवशिक्यांची फसगत नेमकी इथेच होते.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोणती तार कुठून कुठे गेली, कोणती कळ किती फिरवली, याची आकृती कागदावर काढून ठेवायची. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळून चालत नाही. आपल्याकडचेच पाहा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारायला मदत केली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर आदींनी त्यावर प्रयोग केले. काही वर्षांत ते थांबले. ध्वनिफिती संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनमधील कलावंत पॉल पर्गास यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. आज त्या ऐकता येतात, पण तारांची जोडणी कशी होती ते ध्वनिफीत सांगत नाही.

हे यंत्र महाग असते. तथापि ‘व्हीसीव्ही रॅक’ ही २०१७ पासूनची संगणकप्रणाली विनामूल्य उतरवून घेता येते आणि वाऱ्याची वरील कृती तिच्यावरही जमते. घरात संगणकाशी खेळणारे मूल असेल तर सुटीत करून पाहू द्या. संगणक जोडणी साठवून ठेवतो खरा. तरी एकदा त्याला ती वहीत काढायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी केवळ वही पाहून तोच वारा पुन्हा वाहतो का, ते दोघांनी मिळून ऐका.