वाटून घेतलेले वेड

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एखाद्या खेळाडूचे वेड लागले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यासाचा खोळंबा आणि वेळेचा अपव्यय एवढाच हिशेब त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. वस्तुतः हा हिशेब अपुरा आहे. या वेडाच्या जमेच्या बाजूस मैत्री नावाची एक मोठी रक्कम असते. तिची नोंद सहसा कोणी घेत नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. सचिन तेव्हा १४ वर्षांचा होता, विनोद १६ वर्षांचा. मराठी मुलांच्या मनात सचिन शिरला तोच मुळी एका मित्रासह. पुढे एप्रिल १९९८ मध्ये शारजा येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने २२ तारखेस १४३ आणि २४ तारखेस, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा काढल्या. त्या काळी घरोघरी केबलची जोडणी नव्हती. ज्याच्याकडे ती असे, त्याच्या घरी मित्र जमत. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांची कात्रणे आपसांत बदलली जात. टंचाईने वाटून घेणे भाग पाडले आणि वाटून घेता घेता स्नेह जडला.

एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, अशा काही वस्तू अर्थशास्त्राने मानल्या आहेत. आवडत्या खेळाडूच्या शतकाचा आनंद याच जातीचा. किंबहुना भागीदार वाढतील तसा तो वृद्धिंगत होतो. बाजारपेठेला मात्र ग्राहक सुटा हवा असतो. आज मुलाच्या हाती स्वतंत्र मोबाइल आला आणि सामना, जाहिरात व नायक हे तिन्ही त्याला एकट्याला गाठू लागले. एकाच इमारतीत विराट कोहलीचे दोन समवयस्क भक्त परस्परांना न ओळखता वाढू शकतात. त्याच्या नावावर खपणाऱ्या बुटांची जाहिरात मात्र दोघांकडेही बिनचूक पोहोचते. सुबत्ता वाढली, सोबत आटली.

तेव्हा मुलांचे वेड मोडून काढण्यात पालकांनी शक्ती वेचू नये. वयाबरोबर ते ओसरतेच. त्या निमित्ताने जुळलेले मैत्र पुष्कळदा टिकून राहते. महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी घराचा दिवाणखाना मुलाच्या मित्रांना खुला करावा. शाळांनी सायंकाळी मैदानाचे फाटक उघडे ठेवावे. चार मुलांच्या पोह्यांचा खर्च बहुतेक घरांना पेलवणारा आहे. एकाकी किशोरवयाची किंमत मात्र समाजाला दीर्घकाळ मोजावी लागते.