आवणीच्या दिवसांतली कलमं

सकाळी सहा. रात्रभर पाऊस कोसळलाय. शेडनेटला पाण्याचे फुगे लोंबतायत, ते काठीने वर ढकलून आधी रिते करायचे. मग पिशव्यांच्या ओळींतून चक्कर. ज्या पिशवीत पाणी साचलंय तिची भोकं काडीने मोकळी करायची, नाहीतर दोन दिवसांत मूळ कुजतं. जूनअखेर पेरलेल्या आंब्याच्या कोयी आता वर आल्यात. पानं तांबूस, देठ कोवळा, नखाने तुटेल असा. कोय कलमाला रोप लागतं ते या अवस्थेतलं. थोडे दिवस गेले की पानं हिरवी होतात, देठ निबर होतो आणि हे कलम करायची वेळ निघून जाते.

सात. डोळकाड्या काढायला मातृवृक्षांकडे. ज्या फांद्यांची पानं आठ-दहा दिवसांपूर्वी देठ ठेवून छाटली होती, त्यांचे शेंड्याचे डोळे आता फुगलेत. वीतभराहून आखूड, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या सेकेटरने कापायच्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. हापूसच्या वेगळ्या, रत्नाच्या वेगळ्या. रत्ना ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली, 1981 सालची जात. इथे एका जुडीची चिठ्ठी बदलली तर कुणाच्या तरी वरकसात पाच-सहा वर्षांनी भलताच आंबा लागतो. म्हणून हे काम मी अजून शिकायला येणाऱ्या एकट्या मुलावर सोडत नाही.

साडेआठ. डोळखांब, किन्हवलीकडची मुलं एसटीने येतात, धसई-टोकावड्याकडची मिळेल त्या गाडीने. आज निम्मीच आलीत. बाकीची आवणीला, म्हणजे भातलावणीला. मी त्यांना दोष देणार नाही. चिखलणी झाली की घरातला एकेक हात मोजला जातो, आणि दुसऱ्याच्या शेतावर आवणीला गेलं तर रोजची मजुरी हातात पडते. पण भात लावायचे दिवस आणि कलमं बांधायचे दिवस या पट्ट्यात एकच. फळबागेचं शिक्षण जूनमध्ये सुरू करायचं आणि ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र वाटायचं, हे वेळापत्रक शहापूर-मुरबाडच्या पावसाला विचारून केलेलं नाही. आवणीच्या दिवसांत इथे मजुरीइतका भत्ता दिल्याशिवाय कातकरी, ठाकूर मुलं वर्गात टिकणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

नऊ ते बारा. दिवसाचं खरं काम. कोयीच्या वर चार बोटं देठ ठेवून शेंडा उडवायचा, मधोमध सरळ चीर द्यायची. डोळकाडीला खालून दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर. पाचरीचा काप एका ओढीत यायला हवा. चाकू दोनदा फिरला की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते, कलम काळं पडतं. पाचर चिरेत बसवताना निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे, कारण जोड धरतो तो सालीखालच्या ओल्या थरातून. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर, ताणून. टोकावड्याची एक मुलगी गेल्या आठवड्यापर्यंत रडकुंडीला यायची. तिला आधी करंजाच्या, जास्वंदीच्या काड्यांवर नुसते काप घ्यायला बसवलं. आज तिची पाचर उजेडात धरली तर कुठे फट नाही. तिने स्वतःच विचारलं, “ताई, आता आंब्यावर काप घेऊ?” घेऊ दिला.

एक. भाकरी, सुकटीची चटणी.

दोन. वर्गात गणित. आंबा दहा मीटरवर लावला तर एकरात किती झाडं? चाळीस. काजू सात मीटरवर? ब्याऐंशी. मुलांना हे कोरडं वाटत नाही. काहींच्या घरी 2006च्या वनहक्क कायद्याने मिळालेला उताराचा तुकडा आहे, नाचणी-वरीचा. राज्यात 1990पासून रोजगार हमीतून फळबागा लावल्या जातायत, म्हणजे कलमांना गिऱ्हाईक आहे. अडतं ते पाण्यापाशी. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच. मुंबई ते पाणी पिते, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतो. म्हणून मी लागवडीपेक्षा पहिले दोन उन्हाळे जास्त शिकवते: आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, बुंध्याशेजारी पुरलेलं सच्छिद्र मडकं, पश्चिमेकडून गवताचा आडोसा. मे महिन्यात तग धरलेलं झाड बघायला मी पाड्यावर जाते. माझ्या लेखी परीक्षा ती.

साडेतीन. पावसाची उघडीप. एक टक्का बोर्डो: किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या पिंपांत विरघळवून तिसऱ्यात एकदम ओतायचं. मग घासलेला विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस लेप आला तर मोरचूद जास्त; आणखी चुन्याची निवळी टाकायची, नाहीतर कोवळी पानं करपतात. विळा तर प्रत्येकाच्या घरात आहे.

पाच. आज बांधलेल्या कलमांना तारखेच्या आणि बांधणाऱ्याच्या नावाच्या पट्ट्या. डोळा फुटायला तीनेक आठवडे लागतात. आपली किती धरली, किती मेली, आणि मेलेल्याची पट्टी सोडून आत काय चुकलं होतं, हे ज्याने पाहिलं नाही तो कलमं बांधायला शिकलाच नाही. त्याला रोपवाटिकावाला कलमामागे मजुरी देणार नाही आणि दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर पुन्हा वीटभट्टीवर जाईल. म्हणून या तुकडीची मोजणी मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलीय. तोवर आवणी उरकलेली असते. आज न आलेल्यांच्या घरी निरोप जातो: त्या दिवशी यायचंच, आणि उरलेल्या कोयींवर तुमचे हात बसवून घ्यायचेत. उशिराने पेरलेल्या दोन ओळी त्यासाठीच राखून ठेवल्यात.