वालधुनीचं बिल कोण भरतं?

आजचा शब्द आहे 'बाह्य खर्च'. सोपं करून सांगतो.

समजा, जीन्स धुणाऱ्या एका कारखान्याने रंगाचं पाणी शुद्ध न करताच वालधुनीत सोडलं. त्याचे पैसे वाचले, जीन्स स्वस्त झाली. पण खर्च संपला का? नाही, तो फक्त सरकला. अंबरनाथ, उल्हासनगर करत नदी कल्याणला पोचते, तेव्हा तो वास, ते आजारपण, सफाईचा खर्च, सगळं काठावरच्या माणसांच्या माथी.

प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलंय. मात्र पाणी शुद्ध करण्यापेक्षा दंड स्वस्त पडत असेल, तर तो दंड कसला? ते घाण करायचं भाडंच झालं!